व्हिसा हाती नसताना अमेरिकेत घर ठरवताना
एमएस किंवा पीएचडीसाठी अमेरिकेला निघालेल्या विद्यार्थ्यांना बहुधा व्हिसाची खात्री नसतानाच वर्षभराच्या भाडेकरारावर सही करावी लागते. म्हणून सहीपूर्वी घरमालकाला ईमेल करून, व्हिसा न मिळाल्यास करार रद्द होऊन अनामत रक्कम परत मिळेल, असे कलम करारातच घालून घ्यावे. तोंडी होकारावर मुळीच विसंबू नये. ते मान्य नसेल, तर पहिल्या सत्रापुरती, मूळ मालकाच्या लेखी संमतीने, पोटभाड्याची खोली घ्यावी. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी अमेरिकेत प्रवेश मिळत नाही, तेव्हा भाडे त्यापूर्वी सुरू करू नये.

करारात ‘जॉइंट अँड सेव्हरल’ हे शब्द असल्यास एका रूममेटने थकवलेले भाडे इतरांकडून वसूल होऊ शकते. अनोळखी माणसांबरोबर असा करार टाळावा.