परदेशी निघताना जळगावचे सोने आणि राणीछाप रुपये

लेकीकडे दुबईला किंवा अमेरिकेला निघालेल्या खान्देशातील आई-वडिलांनी अंगावरील भारी दागिन्यांची जळगावच्या सराफाची पावती, वजन, मूल्यांकन आणि छायाचित्रे सोबत ठेवून, सामान आत जाण्यापूर्वी विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. म्हणजे परतताना तेच दागिने नव्याने आणले असे समजून शुल्क आकारले जाण्याचा प्रसंग येत नाही. एक वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्या स्त्रीस 40 ग्रॅम आणि पुरुषास 20 ग्रॅमपर्यंत दागिने शुल्काविना आणता येतात, मात्र सोन्याची नाणी व बिस्किटे दागिन्यांत मोडत नाहीत.

आजीच्या पेटीतील व्हिक्टोरियाचे राणीछाप रुपये नातवाला भेट म्हणून नेण्याचा मोह अगदी स्वाभाविक असला, तरी शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीस ते देशाबाहेर नेता येत नाही. ते घरीच राहू द्यावे.

भारतीय चलन 25,000 रुपयांपर्यंतच जवळ बाळगावे. परतताना 5,000 डॉलरहून अधिक परकीय नोटा असल्यास त्या जाहीर कराव्यात.