संरक्षण आदेश असा मागा, की ठाणे अंमलदाराला वाचताक्षणी कळेल

नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध कोर्टातून संरक्षण आदेश मिळतो तो 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली. हा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. कोर्टाच्या आवारात त्याला सगळे 'डी.व्ही.' (डोमेस्टिक व्हायोलन्स) म्हणतात. धर्म कोणताही असो, लग्न नोंदलेले असो वा नसो, अर्ज करता येतो. लग्नासारख्या नात्याने एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही करता येतो. महाराष्ट्रात आणि गोव्यातही कायदा हाच. पुरुषाला मात्र याखाली बायकोविरुद्ध अर्ज करता येत नाही.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. आदेश कोर्ट देते, पण रात्री अकरा वाजता दारावर लाथा बसायला लागल्या की तो वाचणार असतो चौकीतला हवालदार किंवा ठाणे अंमलदार. 'त्रास देऊ नये' एवढेच लिहिले असेल तर तो म्हणणार, 'ताई, आपसात मिटवा.' म्हणून सगळी मेहनत अर्जाच्या शब्दांवर करायची.

अर्जाच्या आधी

जिवाला धोका असेल तर कागदपत्रांच्या मागे लागू नका. 112 लावा आणि बाहेर पडा. 181 ही महिला हेल्पलाइन आहे. राहायला जागा नसेल तर सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा, वैद्यकीय मदत आणि वकिलाचा सल्ला एका छताखाली मिळतो.

मार लागला असेल तर शक्यतो सरकारी रुग्णालयात जा आणि एम.एल.सी. (पोलिसांना कळवली जाणारी वैद्यकीय नोंद) करायला सांगा. केसपेपरवर डॉक्टर तुम्ही सांगाल तेच लिहितात. सोबत सासू उभी आहे म्हणून 'बाथरूममध्ये पडले' असे सांगितलेत, तर दोन वर्षांनी उलटतपासणीत तोच कागद तुमच्यासमोर धरला जाईल. डॉक्टरांशी एकटीने बोलायचे आहे असे सांगा. कोणी मारले, कशाने मारले, कधी मारले ते सांगा, आणि लिहिलेले वाचून घ्या. आधी कुठे तक्रार केली नाही म्हणून कोणतेही रुग्णालय उपचार नाकारू शकत नाही.

फोटो आणि रेकॉर्डिंग ज्या फोनमध्ये आहे त्याच फोनमध्ये मूळ फाइल राहू द्या. व्हॉट्सॲपवरून कोणाला पाठवून मूळ उडवू नका. स्क्रीनशॉटमध्ये समोरच्याचा नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. 'अहो' नावाने सेव्ह असलेला नंबर कोणाचा हे नंतर सिद्ध करत बसावे लागते. असा पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते, ते वकील करून देतात. आणि आजच व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून बघा. तुमचे मेसेज तिकडे त्याच्या लॅपटॉपवर वाचले जात असतील, तर अर्जाची बातमी नोटिशीआधीच पोचते.

कागदांपैकी आधार, लग्नाचा दाखला किंवा पत्रिका व फोटो, मुलांचे जन्मदाखले, पासबुक, रेशनकार्ड आणि त्याची पगारपावती मिळाली तर तीही, एवढ्यांचे फोटो काढून विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. दागिन्यांची यादी मात्र नीट करा: पाटल्या किती तोळ्यांच्या, कोणी घातल्या, आता कोणाच्या ताब्यात. सोनाराची पावती नसेल तर लग्नाच्या अल्बममधले फोटो चालतात.

अर्ज कुठे, कोणामार्फत

अर्ज न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग, म्हणजे जे.एम.एफ.सी. कोर्टात होतो. सासर पुण्यात आणि तुम्ही माहेरी बार्शीला आलात, तर बार्शीतच करता येतो. कायमचे राहण्याचे ठिकाण, तात्पुरते राहण्याचे ठिकाण, नोकरीचे ठिकाण, नवऱ्याचे राहण्याचे ठिकाण, घटना घडली ते ठिकाण, यातले कुठलेही चालते. पुण्याच्या तारखांना हेलपाटे घालायचे की नवऱ्याने बार्शीला यायचे, ते इथेच ठरते. वडिलांच्या नावचे लाइट बिल आणि तुमचे प्रतिज्ञापत्र जोडा.

वाटा तीन. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत (या कायद्याखाली सरकारने नेमलेला अधिकारी), वकिलामार्फत, किंवा स्वतः. तुमच्या भागाचा संरक्षण अधिकारी कोण, हे जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात कळते. तो नमुना 1 मध्ये घरगुती घटना अहवाल भरतो. त्याची प्रत विनामूल्य मागून घ्या. अहवाल म्हणजे अर्ज नव्हे. अहवाल गेला म्हणून निश्चिंत बसलेल्या बायकांचे महिने वाया जातात. नमुना 2 मधला कलम 12 चा अर्ज कोर्टात दाखल झाला का, त्याचा नंबर काय, हे विचारत राहा. उलट, अहवाल नाही म्हणून अर्ज घेणार नाही असे कोणी सांगितले तर ते चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये प्रभा त्यागी प्रकरणात अहवाल सक्तीचा नसल्याचे स्पष्ट केले आहे.

वकिलाच्या फीमुळे थांबू नका. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण त्याच कोर्टाच्या आवारात असते, आणि 15100 वर फोनही करता येतो.

पोलिसांत एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवणे ठीक, पण तिने नवरा थांबत नाही. पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये समुपदेशन होते, काहींना उपयोग होतो. पण 'अजून एक संधी द्या' असे तिसऱ्यांदा ऐकायला मिळाले असेल तर अर्ज लिहायला घ्या. पोलीस तक्रार आणि डी.व्ही. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

अर्जात काय लिहायचे

बहुतेक अर्ज असे असतात (ज्याच्याविरुद्ध अर्ज तो 'गैरअर्जदार'): 'लग्न झाल्यापासून गैरअर्जदार अर्जदाराचा शारीरिक व मानसिक छळ करीत आले.' हे वाचून न्यायाधीशांना काहीही कळत नाही. त्याऐवजी असे लिहा: 'दि. 14 जानेवारी रोजी रात्री साडेनऊच्या सुमारास, स्वयंपाकघरात, माहेरहून पैसे आणले नाहीत म्हणून गैरअर्जदार क्र. 1 याने अर्जदाराचा उजवा हात पिरगळला व मोबाइल फोडला. दुसऱ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात उपचार घेतले, केसपेपर यादीत क्र. 3.' अशा चार-पाच घटना पुरतात. सर्वांत अलीकडची पहिली लिहा. तारीख आठवत नसेल तर 'गणपतीत', 'मुलाच्या परीक्षेच्या आठवड्यात' असे लिहा. खोटी तारीख घालू नका, ती एक जरी पकडली गेली तरी बाकीच्या खऱ्या तारखा डळमळतात. पगार काढून घेणे, घरखर्च न देणे, दागिने गहाण टाकणे हा आर्थिक हिंसाचार आहे, तोही लिहा. जबरदस्तीचा शरीरसंबंध लिहायला संकोच वाटतो, पण कायद्यात लैंगिक हिंसाचार स्वतंत्रपणे धरलेला आहे. सुनावणी बंद दाराआड घ्यावी अशी विनंती करता येते.

गैरअर्जदार किती करायचे? रागाच्या भरात नणंद, तिचा नवरा, चुलत दीर, सगळ्यांची नावे घातली जातात. प्रत्येक नावामागे एक नोटीस, एक पत्ता, एक बजावणी. जालन्याच्या चुलत दिराची नोटीस 'पत्त्यावर आढळला नाही' म्हणून परत येते आणि तारीख पुढे जाते. ज्यांनी प्रत्यक्ष काही केले तेवढेच घ्या. अपवाद एक: घर ज्याच्या नावावर आहे त्याला घ्या. घर सासूच्या नावावर असले तरी तुम्ही नांदलात ते सामायिक घर ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या सतीश चंदर आहुजा निकालात म्हटले आहे. मात्र मालकाचे म्हणणे ऐकल्याशिवाय राहण्याचा आदेश टिकणे कठीण. नवऱ्याला घराबाहेर काढण्याचा आदेश होऊ शकतो; घरातल्या बाईला बाहेर काढण्याचा या कायद्याखाली होत नाही.

आता विनंतीचा परिच्छेद. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कलम 18 खाली मागायचे ते साधारण असे:

'गैरअर्जदार क्र. 1 याने अर्जदार राहते ते घर (पूर्ण पत्ता), ती काम करते ते ठिकाण (नाव, पत्ता) आणि मुलाची शाळा (नाव, पत्ता) येथे जाऊ नये. प्रत्यक्ष, फोन, मेसेज, सोशल मीडिया वा इतर व्यक्तींमार्फत संपर्क साधू नये. अर्जदाराच्या आईवडिलांना धमकावू नये. संयुक्त खाते क्र. … व लॉकर क्र. … न्यायालयाच्या परवानगीशिवाय वापरू नये. अर्जदाराचे स्त्रीधन विकू वा गहाण ठेवू नये. … पोलीस ठाण्याने अर्जदारास संरक्षण द्यावे व आदेशाच्या अंमलबजावणीस साहाय्य करावे.'

पोलीस ठाण्याचे नाव घालायला विसरू नका. मुलाबाबत बोलणे भाग असेल तर कोणत्या एका नंबरवर, किती वाजता, हेही आदेशातच मागा. तुमचा सध्याचा पत्ता त्याला कळू द्यायचा नसेल तर थांबा: अर्जाची प्रत त्याच्याच हातात जाणार आहे. काय लिहायचे आणि काय वगळायचे, हे वकिलाशी आधी ठरवा.

राहण्याचा आदेश (कलम 19), पोटगी व खर्च (20), मुलांचा तात्पुरता ताबा (21), नुकसानभरपाई (22) याच अर्जात मागता येतात. पोटगीसाठी दोन्ही बाजूंना मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. तुमचे अर्जासोबतच द्या, म्हणजे त्याला उशिराचे निमित्त राहत नाही. स्वतःची नोकरी लपवू नका.

अंतरिम आदेश

कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण 3 दिवसांत आणि निकाल पहिल्या तारखेपासून 60 दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात मूळ अर्ज रेंगाळतो. म्हणून त्याच दिवशी कलम 23 चा अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाचा, अर्ज नमुना 3 च्या प्रतिज्ञापत्रासह द्या. समोरच्याला न ऐकता एकतर्फी आदेश देण्याचा अधिकार कोर्टाला आहे, पण बरेचदा 'नोटीस काढा, से (समोरच्याचे लेखी म्हणणे) मागवा' एवढाच शेरा पडतो. तो टाळायचा तर प्रतिज्ञापत्रात निकड दिसली पाहिजे: शेवटची घटना किती दिवसांपूर्वीची, धमकीचे नेमके शब्द काय, नोटीस आधी पोचली तर काय होईल. सहा महिन्यांपूर्वीच्या मारहाणीवर एकतर्फी आदेश क्वचितच मिळतो.

नोटीस बजावण्याची जबाबदारी संरक्षण अधिकाऱ्याची, त्यासाठी 2 दिवसांची मुदत आहे. घरच्या पत्त्यासोबत नवऱ्याच्या कामाचा पत्ता, शिफ्टची वेळ, मोबाइल नंबर दिलात तर ती परत येत नाही. कोर्टाने समुपदेशनाला पाठवले तर जा; तिथे हिंसेचे समर्थन करण्याची मुभा त्याला नाही. पण त्याआधी अंतरिम आदेश मागा. तारखेला हजर राहा: अर्जदार गैरहजर म्हणून निकाली निघालेले अर्ज थोडे नाहीत. अंतरिम अर्ज फेटाळला तर 30 दिवसांत सत्र न्यायालयात अपील होते.

आदेश हातात आल्यावर

प्रत फुकट मिळते. ती कोर्टातून पोलिसांकडे जाईल यावर विसंबू नका. झेरॉक्स घेऊन स्वतः ठाण्यात जा, एक प्रत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक, तारीख घ्या. एक प्रत शाळेत, एक सोसायटीच्या सेक्रेटरीकडे. फोटो फोनमध्ये.

आदेश मोडणे हा कलम 31 खाली गुन्हा आहे: 1 वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे एन.सी.वर भागवायचा नाही. तक्रारीत वेळ, ठिकाण आणि आदेशाचे कोणते कलम मोडले ते लिहा. साक्षीदार नाही म्हणून परत पाठवले तर कलम 32 दाखवा. केवळ तुमच्या साक्षीवरही कोर्ट गुन्हा सिद्ध मानू शकते. तरीही नोंद झाली नाही तर तक्रार रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना पाठवा, एक प्रत संरक्षण अधिकाऱ्याला द्या आणि आदेश देणाऱ्या कोर्टातच अर्ज करा. पोटगी थकली तर मात्र वसुलीचा वेगळा अर्ज करावा लागतो.

सगळ्यात जास्त प्रकरणे बिघडतात ती आपल्याच मेसेजमुळे. संपर्कबंदी असताना 'कधी येतोस मुलाला भेटायला' असे तुम्ही लिहिलेत, तर तो आला हा भंग कसा, असे त्याचा वकील विचारणार. समेट करायचाच असेल तर कोर्टाला सांगून करा, आणि न वाचता कुठल्याही पुरसिसवर (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर) सही करू नका. तुम्ही रद्द करायला सांगेपर्यंत संरक्षण आदेश लागू राहतो. परिस्थिती बदलली म्हणून त्यात फेरफार मागण्याची मुभा दोघांनाही आहे. घर, नोकरी किंवा मुलाची शाळा बदललीत तर कलम 25 खाली अर्ज देऊन नवा पत्ता त्यात घालून घ्या, आणि दुरुस्त प्रत नव्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात द्या.