लग्नाचा केक: फोटो नंतर, आधी हॉल सांगा

ऑर्डर द्यायला आलेलं जोडपं खुर्चीत नीट टेकायच्या आधीच मोबाईल पुढे करतं. "आंटी, असा पाहिजे." फोटोत कुठल्या तरी थंड देशातला पाच मजली केक असतो, पांढराशुभ्र, खाली हिरवळ आणि मागे डोंगर. मी छान म्हणते आणि विचारते, "लग्न कोणत्या महिन्यात? रिसेप्शन एसी हॉलमध्ये की वाडीत मांडव घालून? केक टेबलावर किती वाजता ठेवायचा आणि कापणार किती वाजता?" यातलं एकही उत्तर त्यांच्याकडे नसतं. आईला फोन लागतो.

मी वसईत घरून केक करते, एकवीस वर्षं झाली. आमच्या ख्रिस्ती लग्नात केक लागतोच, त्यामुळे घरातल्या मोठ्या बायकांना निदान काय विचारायचं ते माहीत असतं. हल्ली हिंदू घरांतूनही रिसेप्शनसाठी ऑर्डरी येतात, आणि त्यांची पाटी कोरी असते. दोघांनाही मी जे सांगते, तेच इथे लिहिते.

पहिला प्रश्न हवेचा. जानेवारीत काहीही उभं राहतं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्याकडे लग्नं सहसा लागत नाहीत, त्यामुळे ईस्टर झाला की एप्रिल-मेमध्ये नुसती झुंबड. आणि मेमध्ये वसईची हवा म्हणजे अंगाला चिकटणारी. लोणी तिशीच्या पुढे पाघळायला लागतं, ते काही नवरीचा मेकअप संपायची वाट बघत नाही. 2009 च्या मेमध्ये गास गावात एका वाडीतल्या मांडवात मी बटरक्रीमचा तीन मजली केक साडेसहाला उभा केला. नवरा-नवरी फोटो काढून पावणेनऊला आली. मधल्या वेळात व्हिडिओवाल्याने आपला हॅलोजन नेमका केकवर लावून ठेवला होता. मधला मजला एका बाजूला कलला आणि गुलाब घसरत खालच्या पानावर येऊन बसले. चूक माझी, मी विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून हॉल, वेळ आणि दिवे विचारल्याशिवाय मी वहीत नाव लिहीत नाही.

उघड्यावरचं लग्न असेल तर फ्रेश क्रीम आणि बटरक्रीम विसरा. चॉकलेट गनाशवर (चॉकलेट आणि क्रीमचं दाट मिश्रण) फाँडंट (साखरेची लाटलेली पोळी), किंवा फ्रूट केकवर मार्झिपान (काजू किंवा बदाम आणि साखरेचा लाटलेला थर) आणि रॉयल आयसिंग (वाळून कडक होणारं साखरेचं आवरण), हे टिकतं. गनाशचं प्रमाण एरवी दोन भाग डार्क चॉकलेटला एक भाग क्रीम. मेमध्ये मी तीनास एक करते. फाँडंटचा केक फ्रिजमधून थेट बाहेर काढला की त्याला घाम फुटतो आणि रंग ओघळतात. म्हणून बेकरला विचारा, "तुम्ही केक कशात ठेवता, आणि हॉलवर आणायच्या किती आधी बाहेर काढता?" उत्तर पटकन आलं तर माणूस मुरलेला आहे समजा. शाकाहारी घरांनी आणखी एक विचारावं: बऱ्याच फाँडंटमध्ये जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात. बिनअंड्याचा केक मागून वरून जिलेटिन खाल्लं, तर उपयोग काय?

आता किती किलो. इथे दोन्ही बाजूंनी फसतात. वाढदिवसाचा तुकडा शंभर ग्रॅमचा असतो, लग्नाचा चाळीसचा पुरतो, कारण पुढे जेवण असतं. तीनशे पाहुण्यांत लहान बाळं, डायबेटीसवाले आणि घाईने निघणारे सोडून अडीचशे धरा. अडीचशे गुणिले चाळीस म्हणजे दहा किलो. आता हे दहा किलो टेबलावर दिसलेच पाहिजेत असं कुठे आहे? दाखवायचा केक वेगळा, खायचा वेगळा, हे एकदा मनाशी पक्कं केलं की निम्मा खर्च आणि सगळी धास्ती कमी होते. वरचा सहा इंची आणि मधला नऊ इंची मजला खरा, खालचा बारा इंची थर्माकोलचा, त्यावर तेच फाँडंट. कोणाला कळत नाही. बाकीचा साधा चौकोनी केक आत स्वयंपाकघरात कापून टिश्यूत बांधून तयार ठेवायचा. फक्त खरा मजला कोणता ते नवऱ्याला सांगून ठेवा. एकाने सगळ्यांसमोर जोर लावून थर्माकोलमध्ये सुरी घातली, ती निघेना. टोस्ट म्हणणारे, म्हणजे नवरा-नवरीसाठी शुभेच्छांचं भाषण करणारे काका तेवढा वेळ विनोद सांगत राहिले.

मजले एकमेकांवर नुसते ठेवत नाहीत. मी खालच्या केकवर वरच्या मजल्याच्या मापाचा डबा हलकेच टेकवून गोल उमटवते. त्या गोलाच्या आत जाड स्ट्रॉ किंवा लाकडी काड्या उभ्या खुपसते आणि केकच्या उंचीला अगदी सपाट कापते. एक जरी दोन मिलिमीटर वर राहिली तर वरचा मजला डुलतो. प्रत्येक मजल्याखाली स्वतःचा पुठ्ठा असतो, वजन काड्यांवर येतं, केकवर येत नाही. हे तुम्हाला करायचं नाही, पण विचारायचं जरूर: "आत किती काड्या आहेत, आणि फुलांच्या तारा किती?" आकडा कागदावर घ्या आणि कापणाऱ्या पोराच्या हातात द्या. पाहुण्याच्या दाताखाली तार येता कामा नये.

फुलांचं म्हणाल तर खरी फुलं गोड दिसतात, पण बाजारातल्या गुलाबावर फवारणी असते. देठ गुंडाळल्याशिवाय केकमध्ये खुपसू देऊ नका. कण्हेर तर जवळही नको, ती विषारी आहे. आणि चाफा तोडला की चीक येतो, तोही खाण्यावर नको. रंगासाठी फोटो दाखवू नका, प्रत्येक मोबाईलचा गुलाबी निराळा असतो. ब्राइड्समेडच्या, म्हणजे करवल्यांच्या कापडाचा बोटभर तुकडा आणा. गडद लाल, काळा, नेव्ही ब्लू हे रंग कडवट लागतात आणि जीभ रंगवतात. रिबिनीत घ्या, आयसिंगमध्ये नको.

चव बघायला आलात तर तीनच प्रकार मागा. आठ चाखले की सगळेच सारखे लागतात. फ्रिजमधला गार तुकडा चाखून ठरवू नका, तो घरी न्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खा. लग्नात तो तसाच लागणार आहे.

फ्रूट केक हवा असेल तर मात्र तीन महिने आधी या. काळ्या मनुका, बेदाणे, संत्र्याची साल रममध्ये जितकी मुरतील तितकं बरं, आणि केक भाजल्यावरही महिनाभर त्याला चमच्याने रम पाजावी लागते. काळपट रंग जाळलेल्या साखरेचा असतो. मार्झिपान आपल्याकडे बहुतेक काजूचं करतात. बदामाचंच हवं तर तसं सांगा आणि जास्त पैशांची तयारी ठेवा. एका नवरीने हट्टाने मनुकांसोबत आपली वसईची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, घालायला लावली. मला वाटलं चिकट होईल. आता ती मी स्वतःहून सुचवते.

पैसे ठरवताना किलोचा भाव ऐकून मान डोलावू नका. थर्माकोलच्या मजल्याचे किती, पोचवण्याचे किती, केकच्या स्टँडची अनामत किती, सगळं वहीत लिहून घ्या. मी स्टँडसाठी दोन हजार ठेवून घेते, कारण दोन स्टँड मांडववाल्याच्या टेम्पोत कायमचे निघून गेले. बेकरकडे एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा खात्याची) नोंदणी आहे का विचारायला लाजू नका, तो चौदा आकडी नंबर बिलावर असावा. हॉलवर केक कोण ताब्यात घेणार, त्याचा फोन लिहा. नवरीचा नको, ती तेव्हा उचलणार नाही. आणि केक घरच्या गाडीतून न्यायचा असेल तर मजले सुटे, डिकीच्या सपाट तळावर, एसी चालू. मांडीवर घेऊन बसायचं नाही. मांडी उतरती असते आणि आपल्या गावातले स्पीडब्रेकर तुम्हाला माहीत आहेत.

वरचा मजला पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्याला ठेवायचा असेल, तर हे फक्त फ्रूट केकलाच जमतं. स्पंज ठेवून काही उपयोग नाही. लग्नाच्या रात्रीच तो वेगळा काढून घरी पाठवा, नाहीतर हॉलची माणसं कापून वाटून टाकतात. माझ्या धाकट्या बहिणीचा असाच गेला. तिने माझ्याकडून दुसरा करून घेतला, आणि पैसे अजून दिलेले नाहीत.