थायलंडमधील दीर्घ मुक्काम : आखणीतील या चुका टाळा

मुंबईहून विमानाने सुमारे साडेचार तासांत पोहोचता येते, भाडे आपल्या मोठ्या शहरांच्या तुलनेत फारसे जड वाटत नाही आणि रुग्णालये चांगली आहेत. त्यामुळे 'सहा महिने तिकडे राहून बघू' हा विचार निवृत्त जोडप्यांपासून घरबसल्या काम करणाऱ्या संगणक अभियंत्यांपर्यंत अनेकांच्या मनात येतो. अडचण अशी की पुष्कळ जण या मुक्कामाची आखणी लांबलेल्या सहलीसारखी करतात. आधी समुद्रकिनाऱ्याजवळचे घर पसंत पडते, मग व्हिसाची चौकशी होते आणि घरातल्या कुत्र्याचे किंवा मांजराचे काय करायचे हा प्रश्न सर्वांत शेवटी निघतो. खरा क्रम याच्या बरोबर उलट आहे. व्हिसाच्या प्रकारावर मुक्कामाची मुदत अवलंबून असते, प्राण्यावर घराची निवड, आणि घराच्या पत्त्यावर पुन्हा व्हिसाची पुढची सगळी कागदपत्रे. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका हा क्रम मोडल्यामुळे होतात.

पर्यटकाच्या शिक्क्यावर संसार थाटणे

जुलै २०२४ पासून भारतीय पासपोर्टधारकांना व्हिसाविना ६० दिवस राहण्याची मुभा मिळाली आणि ही मुदत कमी करण्याची चर्चाही लगेचच पुढच्या वर्षी सुरू झाली. तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी त्या वेळचा नियम थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहणे आवश्यक आहे. मुदत कितीही असली तरी हा प्रवेश पर्यटनासाठी असतो. 'दर दोन महिन्यांनी सीमा ओलांडून परत येऊ' हा सल्ला अजूनही फिरत असला, तरी पासपोर्टवरील लागोपाठचे शिक्के पाहून अधिकारी चौकशी करतात आणि प्रवेश नाकारूही शकतात. वर्षभराचे भाडे आगाऊ ठरवून बसलेल्या माणसावर अशी वेळ आली, तर घर तिथे आणि माणूस इथे, अशी अवस्था होते.

दीर्घ मुक्कामासाठी मुख्यतः दोन मार्ग आहेत. परदेशी मालकासाठी दुरून काम करणाऱ्यांसाठी, तसेच मुए थाई (थाई मुष्टियुद्ध) किंवा थाई पाककलेसारखे शिक्षण घेणाऱ्यांसाठी २०२४ मध्ये 'डेस्टिनेशन थायलंड व्हिसा' म्हणजे डीटीव्ही सुरू झाला. तो पाच वर्षांसाठी असून प्रत्येक प्रवेशाला १८० दिवस मिळतात, आणि त्यासाठी ५ लाख बाथ (थायलंडचे चलन) इतकी शिल्लक दाखवावी लागते. दुसरा मार्ग ५० वर्षे पूर्ण केलेल्या निवृत्तांसाठीचा आहे, आणि त्यात बँकेत ८ लाख बाथ किंवा दरमहा ६५,००० बाथ उत्पन्न अशी अट आहे. १० वर्षांचा 'लाँग-टर्म रेसिडेंट' म्हणजे एलटीआर व्हिसा आणि लाखो बाथ भरून मिळणारे 'थायलंड प्रिव्हिलेज'चे सदस्यत्व हेही पर्याय आहेत, पण त्यांचा विचार करणारा वाचक बहुधा वकिलाचा सल्ला घेऊनच पुढे जाईल.

निवृत्तीच्या मार्गात एक बारीक अट अनेकांच्या लक्षात राहत नाही. थायलंडमध्ये राहून वर्षभराची मुदतवाढ घेताना ८ लाख बाथ अर्जापूर्वी दोन महिने खात्यात असावे लागतात, मंजुरीनंतर तीन महिने त्यांना हात लावता येत नाही आणि उरलेल्या काळातही शिल्लक ४ लाखांच्या खाली जाऊन चालत नाही. याच पैशातून घराचे डिपॉझिट भरू असे गणित मांडणाऱ्यांचे पुढच्या वर्षीचे नूतनीकरण अडते. तसेच अशी मुदतवाढ घेतलेली व्यक्ती पुनर्प्रवेशाचा परवाना न काढता गणपतीला किंवा दिवाळीला घरी आली, तर उरलेली सगळी मुदत त्याच क्षणी रद्द होते. एका प्रवासाचा परवाना १,००० बाथला आणि अनेक प्रवासांचा ३,८०० बाथला मिळतो, तो विमानतळावर जाण्याच्या गडबडीवर न सोडता आधीच काढून ठेवलेला बरा.

मुदत चुकून उलटलीच, तर विलंबाचा दंड दिवसाला ५०० बाथ आणि जास्तीत जास्त २०,००० बाथ आहे. दोन-चार दिवसांचा उशीर असेल तर स्वतःहून जाऊन दंड भरणे हाच उपाय. उशीर ९० दिवसांपेक्षा जास्त झाल्यास, स्वतःहून निघालेल्या माणसावरही एक वर्षाची प्रवेशबंदी येते. मुदत संपलेली असताना पोलिसांनी पकडले, तर उशीर थोडा असला तरी बंदी पाच वर्षांची असते.

प्राण्याचा विचार शेवटी करणे

ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे, कारण इथे पैशांपेक्षा वेळ कमी पडतो. कुत्रा किंवा मांजर थायलंडमध्ये नेण्यासाठी तिथल्या पशुधन विकास विभागाचा आयात परवाना आधी लागतो. प्राण्याच्या कातडीखाली बसवलेली ओळखीची मायक्रोचिप आंतरराष्ट्रीय मानकाची असावी लागते आणि रेबीजची लस प्रवासापूर्वी किमान २१ दिवस झालेली असावी लागते. कुत्र्यासाठी डिस्टेंपर, पार्व्हो, हिपॅटायटिस आणि लेप्टोस्पायरोसिस यांच्या नोंदीही मागतात. आपल्याकडे गल्लीतल्या दवाखान्यात दिलेल्या लसीची नोंद पुष्कळदा फक्त तारीख आणि सही एवढीच असते. लशीचे नाव, बॅच क्रमांक आणि चिपचा क्रमांक त्या पुस्तिकेत एकत्र नसतील, तर लस टोचलेली असूनही ती सिद्ध करता येत नाही. म्हणून आधी चिप, मग लस आणि प्रत्येक नोंदीवर चिपचा क्रमांक हा क्रम पाळावा.

भारतातून निघताना केंद्र सरकारच्या पशु संगरोध व प्रमाणन सेवेचे आरोग्य प्रमाणपत्र घ्यावे लागते. महाराष्ट्रातील लोकांसाठी हे कार्यालय मुंबईत आहे. हे प्रमाणपत्र प्रवासाच्या अगदी जवळच्या दिवसांत मिळते आणि त्यासाठी प्राण्याला प्रत्यक्ष दाखवावे लागते. त्यामुळे कोल्हापूर किंवा नागपूरहून निघणाऱ्यांनी मुंबईतल्या दोन-तीन दिवसांच्या मुक्कामाची सोय, तीही प्राण्यासह, आधीच करून ठेवावी. पिट बुल टेरियर आणि अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर या जातींच्या आयातीला थायलंडमध्ये बंदी आहे. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या प्राण्यांना उष्णतेत श्वास घेण्यास त्रास होत असल्याने अनेक विमान कंपन्या सामानकक्षातून नेण्यास नकार देतात. आधी स्वतःचे तिकीट काढून नंतर कंपनीला विचारणारे लोक इथे अडकतात. कंपनीची लेखी संमती प्रथम घ्यावी, तिकीट नंतर काढावे.

कागदपत्रांत त्रुटी राहिल्यास बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावरील पशु संगरोध केंद्रात प्राणी अडवून ठेवला जाऊ शकतो. तिथे वाद घालण्यात अर्थ नसतो. भारतातील पशुवैद्यकाकडून दुरुस्त केलेली नोंद लगेच मागवता यावी म्हणून त्यांचा थेट दूरध्वनी क्रमांक आणि सर्व कागदांच्या प्रती मोबाइलमध्ये असणे हाच व्यवहार्य उपाय आहे.

परतीचा विचारही निघण्यापूर्वीच करावा. भारतात प्राणी परत आणण्यासाठी पुन्हा पशु संगरोध सेवेची पूर्वसंमती लागते आणि प्रवेश ठरावीक विमानतळांवरूनच होतो. मुंबई त्यांपैकी एक आहे, पुणे किंवा गोवा नाही. थायलंडहून पुढे युरोपात नोकरीसाठी जाण्याची शक्यता असलेल्यांनी रेबीजच्या प्रतिपिंडांची रक्तचाचणी वेळेत करून घ्यावी, कारण ती लशीनंतर किमान ३० दिवसांनी होते आणि रक्त घेतल्यापासून पुढे तीन महिने थांबावे लागते.

घरमालकाच्या होकारावर विसंबणे

'मालक म्हणाले, मांजर चालेल' हे वाक्य ऐकून करारावर सही करणे धोक्याचे आहे. थायलंडमधील कॉन्डो (मालकीच्या सदनिकांच्या) इमारतींचा कारभार सदनिकाधारकांच्या नोंदणीकृत व्यवस्थापन मंडळाकडे असतो, आणि प्राण्यांना बंदी घालणारा नियम त्याच्या उपविधीत असेल तर मालकाच्या संमतीला किंमत राहत नाही. बहुसंख्य जुन्या इमारतींमध्ये अशी बंदी आहे. लिफ्टमध्ये पिंजरा दिसला की सुरक्षारक्षक कार्यालयाला कळवतो, दंडाच्या चिठ्ठ्या सुरू होतात आणि शेवटी भाडेकरूला डिपॉझिटवर पाणी सोडून निघावे लागते. म्हणून इमारतीच्या कार्यालयातून नियमांची प्रत मागवावी, प्राण्याचे वजन आणि संख्या यांवरची मर्यादा तपासावी आणि करारात प्राण्याचा उल्लेख वर्णनासह करून घ्यावा. बँकॉक महानगर प्रशासनाने जागेच्या क्षेत्रफळानुसार पाळीव प्राण्यांची संख्या ठरवणारा नियमही केला आहे. त्यात २० ते ८० चौरस मीटरच्या सदनिकेत एकच प्राणी ठेवता येतो. दोन कुत्रे असलेल्या कुटुंबाने अंमलबजावणीची सद्यस्थिती जिल्हा कार्यालयात विचारून मगच जागा पाहावी.

छायाचित्रे पाहून वर्षभराचा करार करणे ही याच्याच जोडीची चूक. पहिला महिना प्राणी चालणाऱ्या सर्व्हिस्ड अपार्टमेंटमध्ये काढावा आणि त्या महिन्यात घरे प्रत्यक्ष पाहावीत. आयात परवान्याच्या अर्जातही हाच पत्ता देता येतो. साधारण रीत दोन महिन्यांचे डिपॉझिट आणि एक महिन्याचे आगाऊ भाडे अशी आहे. विजेचे बिल सरकारी दराने थेट येणार की मालक स्वतःचा दर लावणार, हे आधी विचारावे, कारण काही अपार्टमेंटमध्ये युनिटमागे ७-८ बाथ आकारतात आणि वातानुकूलन दिवसरात्र चालणाऱ्या घरात हा फरक भाड्याइतकाच जाणवतो. आपल्या दृष्टीने आणखी एक पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे स्वयंपाकघर. पुष्कळ छोट्या कॉन्डोंत ते दिवाणखान्यातच एका कोपऱ्यात असते आणि त्यात विजेच्या शेगडीपलीकडे काही नसते. रोज फोडणी देणाऱ्यांनी खिडकी असलेले स्वतंत्र स्वयंपाकघर मिळेपर्यंत धीर धरावा.

गावाची निवड करताना ऋतू विसरू नये. चियांग माई नोव्हेंबर ते जानेवारीत कोणालाही आवडेल, पण साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शेते आणि जंगले जाळल्याचा धूर त्या खोऱ्यात साचून राहतो, आणि दमा असलेल्या माणसाने किंवा म्हाताऱ्या कुत्र्याने तो काळ तिथे काढू नये. २०२४ मध्ये पिंग नदीच्या पुराने शहराचे काही भाग पाण्याखाली गेले होते, म्हणून नदीकाठच्या तळमजल्याचे घर घेताना शेजाऱ्यांना विचारून पाहावे. फुकेतच्या बाजूला पाऊस मे ते ऑक्टोबर असतो, तर सामुई बेटावर तो ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जोर धरतो.

डिपॉझिट परत मिळत नसेल, तर ताबा घेतल्याच्या दिवशी काढलेली तारखेसह छायाचित्रे आणि उभयतांच्या सहीची वस्तूंची यादी हाच आधार असतो. तो हाती असेल तर ग्राहक संरक्षण मंडळाच्या ११६६ या क्रमांकावर तक्रार करता येते. घर विकत घेण्याचा मोह पहिल्या वर्षी टाळलेला बरा. परदेशी व्यक्तीला जमीन घेता येत नाही. कॉन्डो घेता येतो, पण इमारतीच्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते आणि पैसे परकीय चलनात बाहेरून आल्याचा पुरावा लागतो. थाई व्यक्तीच्या नावावर बंगला घेऊन देण्याचे प्रस्ताव येतात, त्यांच्यापासून चार हात दूर राहावे.

पत्त्याची नोंद न करणे

परदेशी माणूस राहायला आल्यापासून २४ तासांत घरमालकाने इमिग्रेशनला कळवावे असा कायदा आहे. त्या नोंदीला टीएम ३० म्हणतात. हॉटेले हे स्वतःहून करतात, खासगी मालक पुष्कळदा करत नाहीत, आणि मुदतवाढीच्या खिडकीवर ही पावती नसल्याचे कळते तेव्हा भुर्दंड आणि हेलपाटे भाडेकरूच्या वाट्याला येतात. त्यामुळे 'टीएम ३० ची पावती मिळाल्यावरच डिपॉझिट' ही अट घालण्यात काहीही वावगे नाही. मालक टाळाटाळ करत असेल, तर करार, त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि घराच्या नोंदवहीची प्रत घेऊन स्थानिक इमिग्रेशन कार्यालयात स्वतः जाऊन पाहावे. पुष्कळ ठिकाणी काम होते. याखेरीज सलग ९० दिवस देशात राहिल्यास पत्ता कळवावा लागतो. त्यासाठी मुदतीआधी १५ दिवस आणि नंतर ७ दिवस मिळतात, ते चुकले तर २,००० बाथ दंड होतो.

करांचे दिवस न मोजणे

जानेवारी ते डिसेंबर या वर्षात १८० दिवस थायलंडमध्ये राहिलेली व्यक्ती तिथली कर-रहिवासी ठरते. १ जानेवारी २०२४ पासून मिळवलेले परदेशी उत्पन्न थायलंडमध्ये आणल्यास ते करपात्र होऊ शकते. आपले आर्थिक वर्ष एप्रिलपासून मोजले जात असल्याने दोन्हीकडचे दिवस वेगळे मोजावे लागतात, आणि एकाच काळात दोन्ही देशांत रहिवासी ठरण्याचा प्रसंग येऊ शकतो. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण त्याचा लाभ कागदपत्रे दाखवूनच मिळतो. निवृत्तीवेतन किंवा जुनी बचत तिकडे पाठवताना कोणती रक्कम २०२४ पूर्वीची आहे हे दाखवता यावे म्हणून बँकेची विवरणपत्रे जपून ठेवावीत. भारतातून रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या उदारीकृत योजनेखाली (एलआरएस) वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, मात्र अशा मुक्कामासाठी पाठवलेल्या १० लाख रुपयांपुढील रकमेवर २० टक्के कर आगाऊ कापला जातो. तो विवरणपत्र भरताना वळता होत असला, तरी तोपर्यंत पैसा अडकून राहतो, आणि ८ लाख बाथची सोय करणाऱ्याने हा हिशेब आधीच धरावा.

आपल्याकडची मेडिक्लेम पॉलिसी परदेशात बहुधा चालत नाही, म्हणून आरोग्यविमा वेगळा घ्यावा. झोपेच्या आणि चिंतेवरच्या काही गोळ्यांवर तिथे कडक नियंत्रण आहे, त्यामुळे डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी आणि मूळ वेष्टन सोबत असावे. स्कूटर चालवायची असेल तर दुचाकीचा उल्लेख असलेला आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून निघण्यापूर्वीच काढावा, कारण परवाना नसताना अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. निवृत्तीवेतनधारकांनी नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला मोबाइलवरून चेहऱ्याच्या ओळखीने देता येतो का, हे घरी असतानाच एकदा करून पाहावे. मे २०२५ पासून प्रत्येक प्रवेशापूर्वीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र भरावे लागते. ते विनामूल्य आहे, आणि त्यासाठी पैसे मागणारे संकेतस्थळ सरकारी नव्हे.