विहिरीतले पट्टीचे पोहणारे मोठ्या लाटेत का गटांगळ्या खातात? सर्फिंगच्या या चुका टाळा

आमच्या बेळगाव-खानापूर भागात पोरगं पोहायला शिकतं ते विहिरीवर. पाठीला पत्र्याचा डबा बांधून मामा वरून ढकलून देतो, चार घोट पाणी पोटात जातं आणि उन्हाळा सरेपर्यंत तेच पोरगं थारोळ्यावरून मुटके मारायला लागतं. हा धीटपणा खरा असतो, त्याला मी नावं ठेवत नाही. पण तोच धीटपणा घेऊन चोर्ला घाट उतरलेले, गोव्याच्या किनाऱ्यावर बोर्ड भाड्याने घेतलेले, गुडघाभर लाटेवर दोनदा उभे राहिल्यावर थेट डोक्याएवढ्या लाटेत शिरलेले आमच्याकडचे सहा-सात जण तरी मला माहीत आहेत. त्यातला एक मी.

विहिरीतलं पाणी जागच्या जागी असतं. दमलात तर पायरी कुठे आहे हे डोळे मिटूनही सापडतं. समुद्रात पायरी हलत असते. मोठ्या लाटेला लागणारा आत्मविश्वास बराचसा ही हलती पायरी हेरण्यातून येतो, आणि खालच्या बहुतेक चुका ती न हेरताच पाण्यात उतरल्याच्या आहेत.

गाडीतून उतरलो की थेट पाण्यात

यामागे आमची अडचण आहे. पहाटे चारला निघायचं, जांबोटी-कणकुंबीवरून तीन तास गाडी हाकायची, संध्याकाळी परत, सोमवारी कामावर. त्यामुळे किनाऱ्यावर नुसतं बसणं म्हणजे पेट्रोल वाया घालवल्यासारखं वाटतं. मला शिकवणारा मोरजीकडचा माणूस मात्र बोर्डाला हातच लावू देत नसे. "पयलीं दर्यो पळय, मागीर बोर्ड काड," म्हणजे आधी समुद्र बघ, मग बोर्ड काढ.

एकदा त्याने मला वाळूत बसवलं आणि मोठी लाट आली की एक शिंपला बाजूला काढायला सांगितलं. पहिली अकरा मिनिटं माझा हात रिकामा. समुद्र इतका गरीब दिसत होता की मी दोनदा उठलो, दोनदा त्याने खाली बसवलं. मग एकापाठोपाठ पाच लाटा आल्या, प्रत्येक आधीच्या लाटांच्या दुप्पट. तिसरी फुटली तेव्हा आत बसलेल्या दोघांचे बोर्ड हवेत दिसले. माझ्या मनाने चाललो असतो तर मी नेमका तिथेच असतो.

मोठ्या लाटा अशा घोळक्याने येतात, त्याला सर्फिंगवाले ‘सेट’ म्हणतात. दोन सेटमध्ये किती वेळ जातो, एका सेटमध्ये किती लाटा असतात, त्या नेमक्या कुठे फुटतात आणि कुठे फुटतच नाहीत, एवढं बघायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. जिथे फुटत नाहीत ती आत जायची वाट, म्हणजे चॅनल. गोव्याचे बहुतेक किनारे वाळूचे असल्याने पावसाळ्यानंतर वाळूचे बांध सरकलेले असतात. गेल्या मे महिन्यातली वाट ऑक्टोबरात तिथेच सापडेल असं धरून चालू नका.

लाटांच्या अंदाजात फक्त उंची बघणं

"एकच मीटर लाट आहे, चल!" असा मेसेज आमच्या ग्रुपवर दर शनिवारी पडतो. उंचीच्या शेजारी सेकंदांचा आकडा असतो तो कुणी वाचत नाही. एका लाटेनंतर दुसरी लाट यायला लागणारा तो वेळ, म्हणजेच पीरियड. ७ सेकंदांच्या लाटेची लांबी खोल पाण्यात साधारण ७५ मीटर असते, १५ सेकंदांच्या लाटेची साधारण ३५० मीटर. लांब लाट खोलवर हललेली असते, तिला तळ आधी लागतो, आणि किनाऱ्याजवळ ती वर उचलली जाते. म्हणून १ मीटर ७ सेकंद म्हणजे खेळणं, १ मीटर १५ सेकंद म्हणजे वेगळंच जनावर. त्यात उंची दुप्पट झाली की लाटेतली ऊर्जा चौपट होते. ‘थोडीच तर मोठी आहे’ हा आमचा हिशेब तिथेच गंडतो.

उन्हाळ्यात तर हे जास्तच बघा. वारा पडलेला, आभाळ निरभ्र आणि तरी अचानक समुद्र चढतो, तो हजारो किलोमीटर दक्षिणेकडच्या वादळांमुळे. केरळात या प्रकाराला ‘कल्लकडल’ म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था त्याचे इशारे देते. निघण्याआधी ते बघायला दोन मिनिटं पुरतात.

वाऱ्याचं गणित शाळेच्या भूगोलातलंच. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा, तो लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतो. दुपारी उलटा, खारा वारा, तो लाटेचा चुराडा करतो. अकरानंतर पोचून "आज लाटाच बेकार" म्हणणाऱ्यांनी घड्याळ बघावं. आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर लाल बावटा असताना हा विषयच काढू नये.

विहिरीची सवय, म्हणजे सूर

आमच्या लोकांची ही सर्वांत घातक चूक. तोल गेला की अंग आपोआप सूर मारतं, डोकं पुढे, हात ताठ. विहिरीत खाली तीन-चार पुरुष पाणी असतं, तिथे ते शोभतं. लाट मात्र ढोबळमानाने तिच्या उंचीच्या सव्वा ते दीडपट खोलीच्या पाण्यात फुटते. म्हणजे दीड मीटरच्या लाटेखाली जेमतेम दोन मीटर पाणी, कधी त्याहून कमी. त्यात सूर मारला तर मान कुठे आपटेल ते सांगायला नको.

तालमीत नवं पोर आलं की वस्ताद आधी त्याला मातीत पडायला लावतो. इथेही तसंच. पाठीवर किंवा कुशीवर, पसरून, जमेल तितकं उथळ पडा, आणि बोर्डापासून लांब. पाण्याखाली गेलात की दोन्ही हात डोक्याभोवती गुंडाळा, हनुवटी छातीशी. लाट गरागरा फिरवेल, फिरवू द्या. त्या वेळी वर-खाली कळत नाही, धडपडून फक्त हवा संपते. पकड ढिली झाली की वर या, तेही एक हात डोक्यावर धरून, कारण तुमचाच बोर्ड वरून येत असतो. श्वास घेतला की तोंड समुद्राकडे करा, मागे दुसरी लाट असतेच.

मी पहिल्यांदा असा आत अडकलो तेव्हा अर्धा मिनिट गेला अशी माझी खात्री होती. किनाऱ्यावर बसलेल्या चुलतभावाने मोजलं होतं, सहा सेकंद. तेव्हापासून मी पाण्याखाली आकडे मोजतो. आठाच्या पुढे अजून गेलेलो नाही, आणि चार मोजेपर्यंत हात-पाय शांत झालेले असतात.

अर्ध्या मनाने लाट घेणं

लहान लाटेत वल्हवता वल्हवता विचार बदलला तरी चालतं. मोठीत चालत नाही. हात मारत लाटेच्या माथ्यापर्यंत गेलात, खाली डोकावलात, पोटात गोळा आला आणि थांबलात की लाटच तुम्हाला उचलून आपल्याबरोबर खाली टाकते. उभं राहण्याचा प्रयत्न करून पडलेल्यापेक्षा हा मागे सरकणारा जास्त वाईट आपटतो. ‘नको’ म्हणायचं असेल तर लाट दहा-पंधरा फूट लांब असताना म्हणा. एकदा ‘हो’ म्हटलं की वाटतंय त्याहून दोन हात जास्तच मारा.

बोर्डाचं नाक पाण्यात घुसत असेल तर तीनच गोष्टी तपासा. छाती फार पुढे आहे का? मग चार बोटं मागे सरका. नजर खाली आहे का? ती लाटेच्या कडेला, जायचं त्या दिशेला हवी. की उशीर होतोय? म्हणजे तुम्ही लाट फुटते तिथेच बसलाय, थोडं बाहेर सरका. उलट लाट खालून निघून जात असेल तर तुम्ही फार बाहेर आहात किंवा हातात दम नाही. बहुतेक वेळा दमच नसतो.

जमायला लागलं म्हणून छोटा बोर्ड

हे व्हिडिओ बघून होतं. लाट मोठी तशी ती वेगाने येते, तिला गाठायला लांब आणि जाड बोर्डच बरा. आठ फुटी फोमच्या बोर्डाची लाज वाटायचं कारण नाही. रीलवरच्या लाटांचं तर सोडूनच द्या. २०२० साली पोर्तुगालमधल्या नझारेला सेबास्टियन स्टॉयड्टनर या जर्मन सर्फरने ८६ फुटी लाट घेतली, पण त्याला त्या लाटेवर जेट-स्कीने ओढून सोडलं होतं. आपल्यामागे कुणी जेट-स्की घेऊन उभं नसतं.

बोर्ड फेकून खाली बुडी मारणं

समोरून फेसाची भिंत आली की बोर्ड सोडून बुडी मारणं हे पट्टीच्या पोहणाऱ्याला सर्वांत सोपं वाटतं. आठ फुटांचा बोर्ड, आठ फुटांची लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधणारी दोरी, आणि ती ताणली जाते ते वेगळं. म्हणजे तुमच्या मागे सोळा-सतरा फुटांत जो कुणी आहे त्याच्या तोंडावर तो बोर्ड जाणार. त्यापेक्षा कडा घट्ट धरून बोर्डासकट उलटे व्हा, बोर्ड वर आणि तुम्ही खाली, लाट गेली की परत सुलटे. याला टर्टल रोल म्हणतात. आधी कमरेएवढ्या पाण्यात वीस वेळा करा.

लीश बांधण्याआधी ओढून बघा. भाड्याच्या बोर्डावर पायाला चिकटणारी पट्टी झिजलेली असते आणि बोर्डाकडची दोरी कुजलेली. माझी एका ठिकाणी पहिल्याच आपटीत सुटली. बोर्ड किनाऱ्यावर गेला, मी आत. भाड्याने देणाऱ्याने वर बोर्डाला ओरखडा आला म्हणून पैसे मागितले, ते निराळं. त्या दिवशी कळलं की बोर्डाशिवाय परत पोहत येता येत नसेल अशा ठिकाणी बोर्ड घेऊनही जाऊ नये. माझं माप असं: समुद्रात न थांबता पाचशे मीटर.

ओढीशी कुस्ती

लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठून तरी परत जातं, ती रिप करंट. बघायला ती जागा शांत दिसते, लाटा कमी, पाणी गढूळ. नवखा माणूस नेमका तिथे उतरतो. ओढ लागली की आमचा गडी नाकासमोर किनाऱ्याकडे पोहतो, ताकद असते म्हणून जास्तच वेळ पोहतो आणि दमून जातो. किनाऱ्याला समांतर, लाटा फुटताहेत त्या बाजूला सरका. ओढ तिथे संपते आणि फुटणारी लाट तुम्हाला आत आणते. बोर्ड कधीच सोडू नका, आणि जीवरक्षक दिसत असेल तर हात वर करायला लाजू नका.

फक्त किनाऱ्यावर गेल्यावरच सर्फर असणं

महिन्यातून एकदा समुद्र मिळणाऱ्याने उरलेले एकोणतीस दिवस नुसते घालवले तर दरवेळी पहिल्या पायरीपासूनच सुरुवात होते. गोवावेसच्या तरणतलावात आठवड्यातून दोनदा जा आणि संथ पण लांब पोहा. उभं राहण्याची हालचाल घरी जमिनीवर करा. ज्याने तालमीत सपाटे मारलेत त्याला ती पटकन येते, फक्त शेवटी पाय एका झटक्यात छातीखाली आणायचे. रोज तीस, दरवेळी तोच पाय पुढे.

श्वास रोखण्याचा सराव मात्र पाण्यात एकट्याने अजिबात करू नका, विहिरीत तर नाहीच. बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेतल्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि श्वास घ्यावासा वाटण्याआधीच माणूस बेशुद्ध पडतो. पाण्याखाली कोण किती वेळ राहतो या पैजा आमच्याकडे लहानपणापासून लागतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

एकदा आपटल्यावर लगेच हिशेब चुकता करायला जाणं

किंवा उलट, कायमचं सोडून देणं. दोन्ही बघितलंय. माझ्या वडगावच्या मित्राला छातीएवढ्या लाटेने असं आपटलं की तो उरलेला दिवस झावळ्यांच्या सावलीत बसून राहिला आणि पुढचं वर्षभर "यंदा जमत नाही" म्हणत राहिला. शेवटी नोव्हेंबरात ओढून नेला. आत नेलाच नाही, कडेच्या पांढऱ्या फेसात ठेवला. तिथे पाय टेकतात, पडलं तरी उभं राहता येतं. पहिल्या दोन लाटांना त्याने बोर्ड इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली. मी शेजारी उभा राहून लाट येताना लांब श्वास सोडायला सांगत होतो, घ्यायला नाही. पाचवीला तो उभा राहिला. अकरा लाटा घेतल्या त्याने, सगळ्या गुडघ्याएवढ्या.

परतताना कणकुंबीला चहाला थांबलो. ही मलप्रभेच्या उगमाची जागा, इथलं पाणी समुद्र एवढा जवळ असून पाठ फिरवून पूर्वेला जातं. बशीत चहा ओतता ओतता तो म्हणाला, "पुढच्या आयतवारी काय करूलास बे?"