गाऊटचा ठणका: रात्री आणि नंतरच्या महिन्यांत होणाऱ्या या चुका टाळा

गाऊट म्हणजे युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साठून होणारा आजार. त्याचा ठणका ७ ते १४ दिवसांत बहुधा आपोआप ओसरतो. औषध घ्या वा न घ्या. या आजारातल्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. त्या आठवड्यात ज्याचा लेप लावलेला असतो त्याला गुण आल्याचं श्रेय मिळतं आणि रक्तातलं युरिक ॲसिड जिथल्या तिथे राहतं. मग सहा महिन्यांनी दुसरा अंगठा धरतो, नंतर घोटा, गुडघा. काही वर्षांत दोन ठणक्यांमधलं अंतर कमी कमी होत जातं. म्हणून ठणका शमवणं हे एक काम आणि युरिक ॲसिड खाली आणून तिथे टिकवणं हे दुसरं काम. दोन्हींची औषधं वेगळी, वेळाही वेगळ्या.

आत काय होतं ते आधी समजून घ्या. रक्तात युरिक ॲसिड दर १०० मिलिलिटरला साधारण ६.८ मिलिग्रॅमपर्यंत विरघळून राहतं. त्यापुढे गेलं की काकवी गार झाल्यावर तळाला साखर धरते तसे सांध्यात त्याचे सुईसारखे खडे धरतात. पाऊल शरीराच्या मानाने गार, त्यामुळे पहिला मान बहुतेक वेळा पायाच्या अंगठ्याच्या मुळाला. हे खडे वर्षानुवर्षं गुपचूप साठतात. एखाद्या रात्री शरीर त्यांच्यावर तुटून पडतं, तोच ठणका.

रात्री ठणका सुरू झाल्यावर

सातारा-सांगलीकडे पहिला उपाय शेकाचा. निर्गुडीचा पाला, एरंडाचं गरम पान, मिठाची पुरचुंडी, वरून तेल लावून चोळणं. साध्या गुडघेदुखीला शेकाने बरं वाटतं, पण गाऊटचा सांधा आधीच पेटलेला असतो. उष्णतेने रक्तपुरवठा वाढतो आणि सूज आणखी चढते. चोळण्याने तर हमखास. बिब्बा लावणं किंवा तापवलेल्या लोखंडाने डाग देणं याहून वाईट. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतो, आणि मधुमेह असलेल्या माणसाच्या पावलावरची ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. गाऊट राहतो बाजूला, पाय वाचवायची वेळ येते.

करायचं ते असं. बर्फाचे चार-सहा खडे पंचात गुंडाळून सांध्यावर १५ ते २० मिनिटं ठेवा, दिवसातून चार-पाच वेळा. थेट कातडीवर बर्फ नको. पावलाला मुंग्या येत असतील किंवा संवेदना कमी असेल तर दर पाच मिनिटांनी कातडी बघा, पांढरी पडली तर बर्फ उचला. गारव्याने खडे धरतात मग बर्फ कसा चालतो, हा प्रश्न रास्त आहे. वीस मिनिटांच्या गारव्याने नवे खडे साठत नाहीत, आतली आग मात्र कमी होते.

पाय दोन उशांवर, छातीपेक्षा थोडा वर. अंगठ्यावर वाकळीचा भार तर सोडाच, चादरीची घडीही सोसत नाही. पायथ्याशी पुठ्ठ्याचा मोठा खोका आडवा ठेवून चादर त्याच्यावरून घ्या, म्हणजे पाऊल मोकळं राहतं. एक-दोन दिवस चालणं अगदी कामापुरतं. ‘चालून मोकळं करतो’ म्हणून शेतात फेरी मारली तर ठणका लांबतो.

औषधाला उशीर ही पुढची चूक. ‘सकाळी बघू’ करत दोन दिवस जातात. कोल्चिसिन, म्हणजे गाऊटचा ठणका शमवणारी गोळी, पहिल्या १२ तासांत घेतलं तर उत्तम लागू पडतं, दीड दिवसानंतर त्याचा जोर बराच कमी होतो. सध्याची पद्धत अशी: ०.५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, तासाभराने आणखी एक, आणि त्या दिवसापुरतं बास. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर सांगतील तशी एक किंवा दोन. जुलाब लागेपर्यंत तासातासाला गोळी घ्यायची जुनी रीत कुठे कुठे अजून सांगतात. ती धोक्याची आहे. जास्त कोल्चिसिन विषारी ठरतं. किडनी कमजोर असेल, किंवा क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक), डिल्टियाझेम, व्हेरापामिल (रक्तदाब-हृदयाच्या गोळ्या) यांपैकी काही चालू असेल, तर साधा डोसही घातक होऊ शकतो. त्यामुळे हा सगळा हिशेब ठणका नसताना डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि गोळ्या घरात ठेवा. रात्री दोन वाजता मेडिकल उघडं नसतं.

कोल्चिसिन चालत नसेल तर नॅप्रोक्सेन, इंडोमेथासिन, एटोरिकॉक्सिब यांसारख्या वेदनाशामक गोळ्या किंवा थोड्या दिवसांचा प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा कोर्स असतो. किडनीचा आजार, अल्सर, हृदयविकार असलेल्यांनी वेदनाशामक स्वतःच्या मनाने घेऊ नये. प्रेडनिसोलोनने साखर चढते, मधुमेहींनी त्या दिवसांत ती तपासत राहावं.

बाजारच्या दिवशी मिळणारी बिनलेबलाची ‘सांधेदुखीची पुडी’ मात्र हातात धरू नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, म्हणून तर तासाभरात आराम पडतो. महिनोन्‌महिने घेतली की चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि एकदम बंद केली तर माणूस कोसळू शकतो. बऱ्याच दिवसांपासून घेत असाल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ते हळूहळू बंद करवतील.

युरिक ॲसिडच्या गोळीचा घोळ

ॲलोप्युरिनॉल आणि फेबुक्सोस्टॅट या युरिक ॲसिड उतरवणाऱ्या गोळ्या आहेत, दुखणं थांबवणाऱ्या नाहीत. दुखेल तेव्हा दोन दिवस घ्यायची आणि राहिलं की सोडायची, असं करण्याने पातळी वरखाली होते, खडे हलतात आणि नवा ठणका उठतो. म्हणजे गोळी घेऊनही त्रास, आणि दोष मात्र गोळीला.

गोळी रोज चालू असताना ठणका आला तर ती बंद करू नका. तीच चालू ठेवून ठणक्याचं औषध वरून घ्या. नव्याने कधी सुरू करायची हे डॉक्टर ठरवतील. शेजाऱ्याच्या पाकिटातली घेऊन सुरू करणं चूकच.

सुरुवात कमी डोसने होते: ॲलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅम, किडनी कमजोर असेल तर ५०. मग काही आठवड्यांनी रक्त तपासून पातळी ६ च्या खाली येईपर्यंत थोडं थोडं वाढवतात. कानाच्या पाळीवर, कोपरावर खड्यांच्या गाठी असतील तर ५ च्या खाली. इथे मोठी चूक होते. १०० ची गोळी वर्षभर चालू असते, पातळी ८ असते आणि पुन्हा तपासणी झालेलीच नसते. गोळी चालू आहे एवढ्याने भागत नाही, आकडा उतरला पाहिजे. शिवाय पहिल्या तीन ते सहा महिन्यांत जुने खडे विरघळताना ठणके वाढू शकतात. त्यासाठी त्या काळात कमी डोसचं कोल्चिसिन सोबत देतात. हे आधी माहीत नसलं की दुसऱ्याच ठणक्याला माणूस उपचार सोडतो.

ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप, डोळे लाल, यांतलं काहीही दिसलं तर गोळी त्याच क्षणी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. असं क्वचितच होतं, पण झालं तर जिवावर बेतू शकतं. फेबुक्सोस्टॅटबाबत हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांशी आधी बोलावं.

रिपोर्ट वाचताना

ठणका भरात असताना युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं. तेवढ्यावरून ‘गाऊट नाही’ म्हणणं चूक. ठणका ओसरून दोन ते चार आठवडे झाल्यावर पुन्हा तपासा. याच्या उलट, कधीच सांधा न सुजलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये ७.४ आलं म्हणून लगेच आयुष्यभराची गोळी लागत नाही. वजन, रक्तदाब, किडनी आणि चालू औषधं एकदा बघून घ्यावीत.

ताटातल्या चुका

जत्रेत किंवा आखाडात हमखास ऐकू येतं: ‘फोड खाल्ली नाही, नुसता रस्सा घेतला.’ मांसात प्युरीन असतं, शरीरात त्याचंच युरिक ॲसिड होतं, आणि हे प्युरीन पाण्यात उतरतं. मटण शिजवलं की त्यातलं बरंचसं आळणी पाण्यात आणि रश्शात येतं, पायाच्या सूपमध्येही. म्हणजे दोन वाट्या रस्सा पिणाऱ्याने नको तेच घेतलं. खायचंच असेल तर पाण्यात उकडून पाणी टाकलेल्या दोन-तीन फोडी, तेही कधीमधी. कलेजी, गुर्दा, भेजा मात्र बंदच. सुकट आणि जवळा वाळलेला असल्याने मूठभरातही बरंच प्युरीन जातं.

याउलट तूरडाळ, मूग, पालक, फ्लॉवर बंद करून घरात भांडणं ओढवून घेऊ नका. भाज्या आणि डाळींमधल्या प्युरीनने गाऊट होण्याचा धोका वाढल्याचं दिसलेलं नाही. आमटी-भात सुखाने खा. कमी सायीचं दूध, ताक, दही तर फायद्याचं.

गोडाकडे कुणाचं लक्ष नसतं. रसवंतीवरच्या मोठ्या ग्लासात साखर ३० ग्रॅमच्या आसपास सहज असते. तिचा निम्मा भाग फ्रुक्टोज, आणि यकृतात फ्रुक्टोज मोडताना युरिक ॲसिड तयार होतं. गूळ नैसर्गिक म्हणून चालतो ही समजूत चुकीची, गुळातही मुख्यतः तीच साखर. कोल्ड्रिंक, काकवी, मध, वाडगाभर तासगावचे बेदाणे, सगळं याच हिशेबात. चार-सहा ताजी द्राक्षं खाल्ली तर काही बिघडत नाही.

बिअर सगळ्यात वाईट, बाकीची दारूही निर्दोष नाही. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर बागेत किंवा उसात काम, पाणी अर्धी बाटली आणि रात्री बिअर, असं जुळून आलं की पहाटे ठणक्याची वाट बघायची. किडनी किंवा हृदयासाठी पाण्याचं बंधन नसेल तर दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी, उन्हात त्याहून जास्त.

कडक उपवासानेही ठणका येतो. पोट रिकामं राहिलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून निघणारी द्रव्यं किडनीतून युरिक ॲसिड बाहेर पडू देत नाहीत. नवरात्राचा उपवास सोडायलाच हवा असं नाही, पण निर्जळी टाळा, दूध-ताक-फळं वेळेवर घ्या. वजन उतरवायचं ते महिन्याला दोन-तीन किलोच्या बेताने. खाण्याचा सोडा पाण्यातून घेण्याचा सल्ला कुठूनही आला तरी ऐकू नका. चमचाभर सोड्यात १२०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, रक्तदाबाच्या माणसाला ते भारी पडतं.

पथ्याने आकडा साधारण एकनेच उतरतो. ९ असलेल्याला नुसत्या पथ्यावर ६ गाठणं बहुतेकदा जमत नाही. पथ्य पाळूनही ठणके येतात म्हणून स्वतःला किंवा घरच्यांना बोल लावू नका, औषधाची गरज आहे एवढंच.

दुसऱ्या आजारांच्या गोळ्या

रक्तदाबाची ‘लघवीची गोळी’, म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा फ्युरोसेमाइड, युरिक ॲसिड वाढवते. पाळी गेल्यानंतर बायकांना होणाऱ्या गाऊटमागे पुष्कळदा हीच असते. टीबीच्या उपचारातल्या पायराझिनामाइडनेही आकडा चढतो. हृदयासाठीची लहान ॲस्पिरिनही थोडी भर घालते. यांतली कुठलीही गोळी स्वतःहून बंद करायची नाही. रक्तदाबासाठी लोसार्टन चालेल का, एवढं डॉक्टरांना विचारा, ते युरिक ॲसिड थोडं उतरवतं.

गाऊट समजून थांबू नये तेव्हा

सांधा सुजलाय आणि सोबत थंडी वाजून ताप आहे, जवळपास जखम आहे, लाली वर चढत चाललीय, किंवा मधुमेहात पाऊल अचानक सुजलंय, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. दोन दिवस उशीर झाला तरी सांधा कायमचा जाऊ शकतो. बर्फ लावत घरी बसू नका, त्याच दिवशी सातारा, कराड, सांगली किंवा मिरजेतल्या मोठ्या रुग्णालयात जा. तिथे सुईने सांध्यातलं पाणी काढून तपासतात. सूक्ष्मदर्शकात खडे दिसले तर गाऊट पक्का, जंतू सापडले तर उपचार पूर्ण वेगळा. सुईची भीती वाटते म्हणून बरेच जण नकार देतात, पण काम काही मिनिटांचं असतं आणि ताण उतरल्याने दुखणंही पुष्कळदा तिथेच हलकं होतं. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, पुडी घेतली असेल तर तीसुद्धा.