परदेशात डॉक्टरकी करायची असेल तर प्रवेशाआधी करावयाची तयारी

नीटचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत पहिली चर्चा होते ती जागा कुठे मिळेल याची. परंतु ज्याला पुढे परदेशात डॉक्टर म्हणून काम करायचे आहे, त्याने कोणत्या देशात करायचे हे त्याआधी घरच्यांबरोबर बसून ठरवावे. पदवीला मान्यता एजंट देत नाही आणि महाविद्यालयही देत नाही. ती त्या देशाची परवाना देणारी संस्था देते, आणि प्रत्येकीच्या अटी निराळ्या असतात.

पदवी एमबीबीएसच असावी. आपल्या भागात बीएएमएस आणि बीएचएमएसला चांगला मान आहे आणि तो योग्यही आहे, मात्र त्या पदव्यांवर अमेरिकेची यूएसएमएलई किंवा ब्रिटनची प्लॅब ही डॉक्टरकीच्या परवान्यासाठीची परीक्षा देता येत नाही, हे शुल्क भरण्यापूर्वी मुलांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

त्यानंतर वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्स या सूचीत महाविद्यालय शोधावे. नुसते नाव दिसले म्हणून थांबू नये. त्या पानावर ईसीएफएमजीची, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांच्या पदव्या तपासणाऱ्या अमेरिकेतील संस्थेची, टीप असते, ती कोणत्या वर्षी उत्तीर्ण होणाऱ्यांना लागू आहे ते वाचावे. भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला 2023 मध्ये जागतिक वैद्यकीय शिक्षण महासंघाची मान्यता दहा वर्षांसाठी मिळालेली असल्याने, मान्यताप्राप्त भारतीय महाविद्यालयांना मान्यता देणारी संस्था जगात ग्राह्य धरली जाते का, ही एक काळजी मिटली आहे. पदवीवर कोणत्या विद्यापीठाचे नाव येईल हेही विचारून घ्यावे, कारण 1963 साली सुरू झालेल्या बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या जुन्या आणि नव्या तुकड्यांच्या पदव्यांवर वेगवेगळ्या विद्यापीठांची नावे आहेत, तर बेळगावच्याच बिम्स या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते.

महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांतील मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयांत काही जागा राखीव असतात. मिरज किंवा कोल्हापूरची पदवी परदेशात बेळगावच्या पदवीपेक्षा कमी धरली जात नाही. तेव्हा त्या वर्षीच्या प्रवेशपुस्तिकेतील दाखल्याचा नमुना पाहून तो आधीच काढून ठेवावा.

एमबीबीएसच परदेशात करायचे असेल, तर भारतात परतण्याचा रस्ता मोकळा ठेवूनच करावे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर 2021 च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी, आणि त्या पदवीवर त्या देशातही डॉक्टरकी करता आली पाहिजे. शेवटची अट एजंटला लेखी विचारावी. तोंडी ‘हो’ पुरेसे नाही.

आता कागदपत्रे. आमच्या सीमाभागात खरी अडचण येते ती इथे, आणि मी ती घरात पाहिली आहे. माझ्या भाचीच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर तिचे नाव आणि पुढे केवळ दोन आद्याक्षरे होती, पासपोर्टवर वडिलांच्या नावासह पूर्ण मराठी पद्धतीचे नाव होते, आणि कन्नडमधील जन्मदाखल्याच्या भाषांतरात आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग तिसरेच झाले होते. ती एकच व्यक्ती आहे हे पटवून देण्यात पडताळणीचे पाच महिने गेले. शिवाय 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाल्याने जन्मस्थळही कागदागणिक बदललेले दिसते. म्हणून पासपोर्ट, दहावी, बारावी आणि आधार हे चारही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावे, आणि दुरुस्ती महाविद्यालयात नाव नोंदवण्यापूर्वी करून घ्यावी. पदवीवर छापलेले नाव बदलणे फार जड जाते.

भाषेची तयारीही देशावर अवलंबून आहे. ब्रिटनच्या नोंदणीसाठी आयएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण 7.5 आणि प्रत्येक भागात किमान 7 गुण लागतात. जर्मनीत वैद्यकीय जर्मनची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते, त्यामुळे तिकडे जाणाऱ्याने पहिल्या वर्षापासूनच जर्मन शिकायला घ्यावे. आखाती देश पदवीची पडताळणी बहुधा डेटाफ्लो या कागदपत्रे पडताळणाऱ्या कंपनीमार्फत थेट महाविद्यालयाकडे करतात. त्यासाठी इंटर्नशिपमध्ये प्रत्येक विभागात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम केले याची सही-शिक्क्यासह नोंद तो विभाग सोडण्याच्या दिवशीच घ्यावी, कारण सही करणारे प्राध्यापक दोन वर्षांनी त्याच महाविद्यालयात भेटतीलच असे नाही.